दोनशे चौदा खोटे आकडे

मी घसरगुंडीवरून खाली आले ती थेट एका अनोळखी माणसाच्या पायाशी.

त्याचं काय झालं, की भेटीची वेळ साडेनऊची होती आणि मी नऊलाच पोहोचले. वेळेआधी पोहोचायची खोड मला ताईने लावली. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, ऑफिस उघडायचंय, तोवर अंगणात बसा. अंगणात बसायला खुर्ची एकही नव्हती. पाच झोके होते, दोन सीसॉ होते, एक गरगर फिरणारी चकती होती आणि नुकताच रंग वाळलेली उंच पिवळी घसरगुंडी होती, मधे झोकदार वळण घेणारी. हा कारखाना बागेतली मुलांची खेळणी बनवतो हे मला ठाऊक होतं. आपण सव्वीस वर्षांच्या आहोत हेही ठाऊक होतं. इकडेतिकडे पाहिलं, चिटपाखरू नव्हतं. लॅपटॉपची बॅग पोटाशी धरली आणि चढले.

वळणावर जरा जास्तच वेग आला. खाली पोहोचले तेव्हा एक चप्पल वरच राहिली होती आणि समोर एक माणूस उकिडवा बसला होता. एका हातात मोजायची टेप, दुसऱ्यात घड्याळ, कानामागे पेन्सिल.

"तीन पूर्णांक चार दशांश सेकंद," तो घड्याळाकडे बघत म्हणाला. "वळणावर कोपर कुठं लागलं का?"

"नाही... म्हणजे, मी फक्त—"

"पुन्हा एकदा याल? या वेळी बॅग खाली ठेवा. बॅगेमुळे वेग चुकतोय."

मी कोण, कुठली, सकाळी सकाळी त्यांच्या घसरगुंडीवर काय करतेय, हे त्याने विचारलंच नाही. त्याला कोपराची काळजी. चप्पल आणायच्या निमित्ताने मी निमूटपणे वर गेले आणि पुन्हा आले. खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा आपणहून गेले. तिसऱ्या वेळी त्याने वळणावर खडूने एक खूण केली, मान हलवली आणि म्हणाला, "तुम्ही आठ वर्षांच्या असतात तर फार बरं झालं असतं."

"मलाही कधी कधी तसंच वाटतं," मी म्हटलं.

तेव्हा तो हसला. त्याचा डावा गाल आधी हसतो आणि उजवा मागाहून, हे मला त्याच सकाळी दिसलं. उगाच खोटं कशाला सांगू?

माझी नोकरी सॉफ्टवेअर विकायची. वस्तू बनवायच्या आधी तिची जी ड्रॉइंग्ज काढतात, ती काढायचं सॉफ्टवेअर. सहा महिन्यांची कच्ची नोकरी, त्यातले पाच संपलेले. आमच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हा कारखाना 'हो' म्हणाला तर तू कायम, नाही तर दुसरीकडे बघ. माझ्या आधी दोघे जण इथून हात हलवत परतले होते. या मंडळींकडे सोळा वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर होतं आणि ते सोडायचं नाव कुणी काढत नव्हतं.

मालकीणबाई सत्तरीच्या. ताठ बसणाऱ्या, आणि समोरच्याचं सगळं बोलणं ऐकून घेऊन मग मोजकंच बोलणाऱ्या. मी वीस मिनिटं माझा पाठ म्हणून दाखवला. एका भागाचं माप बदललं की त्याला जोडलेले सगळे भाग आपोआप बदलतात, पडद्यावर खेळणं उभं राहतं, चारी बाजूंनी फिरवून बघता येतं, वगैरे.

"पैशाचं मी बघेन," त्या म्हणाल्या. "पण मला यातलं कळत नाही. ज्याला कळतं तो हो म्हणाला तर घेऊ. नाही म्हणाला तर चहा घेऊन जा." मग दाराकडे बघून त्यांनी हाक मारली, "ये रे मिलिमीटर."

आत आला तो कोपराची काळजी करणारा.

अख्खा कारखाना त्याला मिलिमीटर म्हणायचा. ड्रॉइंगच्या खोलीत तो एकटाच, गेली आठ वर्षं. एका मिलिमीटरसाठी तयार झालेली शिडी परत पाठवायचा, म्हणून हे नाव. त्याने मला ओळखलं आणि चेहरा असा काही सरळ ठेवला, की मी मनोमन त्याचे आभार मानले. ते आभार फार टिकले नाहीत, कारण पुढच्याच क्षणी तो मालकीणबाईंना म्हणाला, "मॅडमनी आपला माल आधीच तपासून घेतलाय."

ठरलं असं, की तीन आठवडे मी तिथे बसायचं, त्यांच्या एका बागेची सगळी खेळणी नव्या सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवायची, आणि तिसऱ्या शुक्रवारी मिलिमीटरने हो किंवा नाही सांगायचं. घाईचं कारण होतं. कारखान्याला चाळीस बागांचं काम मिळालं होतं. एवढं काम हाताने कापून उरकणारं नव्हतं. म्हणून सगळे पत्रे आणि गज बाहेर लेझरवर कापून घ्यायचे होते, थेट फाइल पाठवून. त्या कारखान्यात हे पहिल्यांदाच होणार होतं.

ड्रॉइंगची खोली वर होती, पत्र्याच्या छपराखाली. पाऊस आला की एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही आणि खुर्च्या जवळ ओढाव्या लागायच्या. त्या तीन आठवड्यांत पाऊस बराच पडला. माझी काही तक्रार नाही.

त्याचा कॉम्प्युटर सकाळी चालू केला, की हा खाली जाऊन, वेल्डरकाकांशी बोलून, दोन मापं घेऊन वर यायचा, तेव्हा कुठे तो जागा झालेला असायचा. शिवाय मागे पेनड्राइव्हसारखी एक निळी खुट्टी, म्हणजे त्याची किल्लीच, खोचल्याशिवाय ते जुनं सॉफ्टवेअर उघडतच नसे. ती खुट्टी याच्या खिशात, दोरीला बांधलेली. मी विचारलं, हरवली तर? तो म्हणाला, "मी हरवलो तर कुणी शोधायला येणार नाही. खुट्टी हरवली तर सगळा कारखाना येईल."

मी हसायला आणि शिकवायला गेले होते. पण पहिल्याच दिवशी तो जुन्या पडद्यावर झोक्याची कमान काढताना बघितला आणि गप्प बसले. उजवा हात माउसवर, डावा कीबोर्डवर, आणि डाव्याकडे एकदाही बघणं नाही. माझं सॉफ्टवेअर जे स्वतःहून करतं ते हा माणूस स्वतः करत होता, रेघ रेघ ध्यानात ठेवून. मी इतक्या ऑफिसांत जाऊन आले, इतक्या हुशार लोकांना शिकवलं, पण कामात असं बुडालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आणि त्याची ती एक तऱ्हा. नवीन खेळणं तयार झालं की हा गुडघ्यांवर बसायचा आणि तसाच रांगत त्याच्याभोवती फिरायचा. बोगदा असेल तर आतून जायचा. सगळ्या पँटी गुडघ्यांवर झिजलेल्या. मी चिडवलं तर म्हणाला, "मूल इथून बघतं. आपण वरून बघतो, म्हणून आपल्याला धार दिसत नाही." मग मीही एकदा ओढणी कमरेला बांधून बोगद्यात शिरले. मधोमध आम्ही समोरासमोर आलो. कुणी मागे सरायचं यावर बराच वेळ गेला... आणि दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.

माझ्या सॉफ्टवेअरवर मात्र तो रोज नवी खोड काढायचा.

"हे फार आज्ञाधारक आहे," एकदा म्हणाला. "मी शिडी उंच केली तर घसरगुंडी आपली मुकाट्याने उंच झाली. काही विचारलंसुद्धा नाही."

"मग काय, तुमच्या या म्हाताऱ्या कॉम्प्युटरसारखं अकरा मिनिटं रुसून बसायला हवं होतं?"

"रुसणाऱ्यांचा एक भरवसा असतो. त्यांना काय आवडत नाही ते कळतं."

"सॉफ्टवेअरबद्दल बोलताय ना?"

"सध्या तरी..." असं म्हणून त्याने मान खाली घातली आणि पेन्सिलीला टोक करत बसला. पेन्सिलीला टोक आधीच होतं.

घरी ताई रोज विचारायची, आज मिलिमीटर काय म्हणाला? मी म्हणायचे, मला काय करायचंय, मला त्याचा होकार पाहिजे, सॉफ्टवेअरसाठी. ताई म्हणायची, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. भावोजी पेपरमागून हसायचे. मी उठून आत जायचे, पण तोंड लपवायला आतल्या खोलीत आरसाच होता समोर.

दुसऱ्या शनिवारी तो एका बागेत झोके तपासायला गेला होता. मी एकटीच होते. म्हटलं, चला, याची सगळी जुनी ड्रॉइंग्ज एकदम आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून घेऊ आणि पूर्ण बाग उभी करून ठेवू, सोमवारी आला की बघेल आणि गार होईल. बाग उभी राहिली... आणि गार मी झाले. घसरगुंडीचं तोंड शिडीच्या माथ्याला टेकतच नव्हतं. कठड्याचे गज फाकलेले. झोक्याची साखळी आडव्या दांड्याच्या बाहेर लोंबत होती. माझं सॉफ्टवेअर चुकलं असं वाटलं, आणि शुक्रवार सहा दिवसांवर होता.

रविवारी दुपारी ताईच्या जेवणाच्या टेबलावर मी एकेक रेघ तपासायला बसले. सॉफ्टवेअर बरोबरच होतं. चूक ड्रॉइंगमध्ये होती, आणि ती अशी, की ड्रॉइंगमधल्या रेघेच्या शेजारी तिची लांबी लिहिलेली असते. रेघ काढली की तो आकडा आपोआप येतो. पण तो पुसून तिथे हवा तो आकडा टाइपही करता येतो. मग रेघ राहते एकशे दहाची आणि कागदावर दिसतात पंचाऐंशी. कागद बघून कापणारा माणूस पंचाऐंशीच कापतो, म्हणून कुणाला काही कळत नाही. माझं सॉफ्टवेअर आकडा वाचत नाही, रेघ वाचतं. मी यादी केली. रेघ एक आणि आकडा भलताच, अशी एकूण दोनशे चौदा ठिकाणं निघाली.

एका मिलिमीटरसाठी शिडी परत पाठवणारा माणूस, आणि दोनशे चौदा खोटे आकडे.

ताईने यादी बघितली आणि म्हणाली, हुकमाचा एक्का सापडला की तुला. आमचे साहेब तर फोनवरच उड्या मारायला लागले. शुक्रवारी ही यादी सरळ मालकीणबाईंपुढे टाक, म्हणाले, मग त्या माणसाला कोण विचारतोय, घ्यावंच लागेल त्यांना. साहेबांचं बरोबर होतं. एक कागद पुढे केला की माझी नोकरी पक्की होणार होती. आणि त्याच कागदाने त्याची आठ वर्षांची अब्रू, मालकीणबाईंच्या टेबलावर, सगळ्यांसमोर... मी जेवले नाही त्या दिवशी.

सोमवारी सकाळी मी यादी त्याच्यासमोर ठेवली. दार लावून घेतलं होतं. 'हे काय आहे' एवढंच विचारायचं ठरवलं होतं, तेवढंही नीट जमलं नाही.

त्याने पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. मला वाटलं आता चिडेल, किंवा नाकबूल करेल. त्याने यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि सांगायला लागला.

ही शिडीची पायरी. मूळ उंची जास्त होती. वेल्डरकाकांची नात आली होती कारखान्यात, तिचा पाय पोहोचला नाही, ती घसरली. म्हणून कमी केली. हा झोक्याच्या साखळीचा. बोट चिमटत होतं. हा सीसॉच्या दांडीचा, जाडी वाढवली, कारण लहान मुठीतून निसटत होती. हा बोगद्याचा. एका बागेत एक गुबगुबीत मुलगा मधेच अडकून रडत बसला होता, याने त्याला स्वतः बाहेर काढलं होतं... तो सांगत गेला. पानामागून पान. एकदाही अडखळला नाही. दोनशे चौदा आकडे, आणि प्रत्येकामागचं मूल त्याला आठवत होतं. एकही आकडा आळसाने किंवा चुकून लिहिलेला नव्हता. दर वेळी कटिंगवाला दारात उभा असायचा. एक रेघ बदलायची तर तिला जोडलेल्या दहा ड्रॉइंग्जमधल्या रेघा हाताने बदलायच्या, त्या रुसक्या मशीनवर, म्हणजे एक अख्खा दिवस. आकडा लिहायला दोन सेकंद लागायचे. नंतर रेघ सुधारू असं दर वेळी ठरवायचा. ते 'नंतर' आठ वर्षांत आलं नव्हतं.

मी ऐकत होते आणि माझे डोळे भरून येत होते. लाज वाटली, की मी याला खोटे आकडे म्हटलं होतं. इतकं खरं काम मी कुठे बघितलं नव्हतं. पण पुढचं बोलणं भाग होतं.

"या फाइली लेझरवर जाणार आहेत," मी म्हटलं.

"हो. सोबत प्रिंटही देणार आहे मी, प्रत्येकाची."

"ती मशीन प्रिंट वाचत नाही. रेघ वाचते."

छपरावर पावसाचे थेंब वाजायला लागले होते. मग त्याची नजर यादीतल्या कठड्याच्या ओळीवर गेली आणि तिथेच थांबली.

"हा कागद तुमचा," मी म्हटलं. "शुक्रवारी मी तो काढणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी काढणार नाही. पण या फाइली अशा जाऊ देऊ नका."

"आणि तुमची नोकरी?"

"ते मी बघेन," मी म्हटलं, अगदी मालकीणबाईंसारखं. आवाज मात्र त्यांच्यासारखा निघाला नाही.

नुसतं ऐकून विश्वास ठेवेल तर तो मिलिमीटर कसला? त्याच दिवशी त्याने कठड्याच्या एका चौकटीची फाइल, सोबत प्रिंट जोडून, लेझरवाल्याकडे पाठवली. गुरुवारी चौकट कापून आली. ती त्याने वर आणली, भिंतीला टेकवून ठेवली आणि दिवसभर माझ्याशी चार शब्दही बोलला नाही.

शुक्रवारी मालकीणबाईंच्या खोलीत आम्ही तिघं आणि वेल्डरकाका होतो. मी माझी बाग दाखवली, नव्याने काढलेली. यादीचा शब्दही काढला नाही. मालकीणबाईंनी विचारलं, "मिलिमीटर, काय म्हणतोस?"

तो बाहेर गेला आणि ती चौकट घेऊन आला. टेबलावर उभी धरली. दुसऱ्या हातात तपासणीचा लाकडी ठोकळा होता, दोन वर्षांच्या मुलाच्या छातीएवढा. तो त्याने दोन गजांच्या मधून सरकवला. ठोकळा आरपार गेला आणि टेबलावर पडला.

"अंग जातं," तो म्हणाला. "डोकं जाणार नाही. मूल तिथेच लटकेल. कागदावर ही फट पंचाऐंशीची आहे, आत फाइलमध्ये एकशे दहाची. असे दोनशे चौदा आकडे आहेत. सगळे मी लिहिलेले."

वेल्डरकाकांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आधीच्या दोघांना मी नाही म्हणालो," तो पुढे म्हणाला, "ते सॉफ्टवेअर वाईट होतं म्हणून नाही. नवीन काही आलं की हे उघडं पडणार होतं, म्हणून. यांना हे रविवारीच सापडलं. त्या सरळ तुमच्याकडे आल्या असत्या तर त्यांचं काम झालं असतं. त्या माझ्याकडे आल्या. माझं म्हणणं, सॉफ्टवेअर घ्यावं. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

माझी नोकरी मला त्या घडीला आठवतसुद्धा नव्हती. त्यांनी याला काढलं तर, एवढंच डोक्यात होतं.

मालकीणबाईंनी ठोकळा उचलला आणि स्वतः एकदा गजांमधून घालून बघितला. पुन्हा एकदा घातला.

"आठ वर्षं हे एकट्याच्या डोक्यात ठेवलंस," त्या म्हणाल्या. "आणि तू आजारी पडला असतास तर? कुणाला विचारायचं होतं आम्ही? सांगायचं होतंस, मशीन पुरत नाही म्हणून."

"काम अडत नव्हतं... भीड वाटली."

"भीड भिकेची बहीण." त्यांनी ठोकळा खाली ठेवला. "घ्या ते सॉफ्टवेअर. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा खरे झाल्याशिवाय एकही फाइल बाहेर जाणार नाही. आणि प्रत्येकाचं कारण तिथेच लिहून ठेवायचं, तुझ्यानंतरच्या माणसाला वाचता येईल असं. तो सांगेल, मॅडम, तुम्ही लिहून घ्या. तोपर्यंत तुम्ही इथेच."

माझी नोकरी पक्की झाली ती अशी. साहेबांना मी फोनवर फक्त 'हो म्हणाले' एवढंच सांगितलं. बाकीचं त्यांना कळलंही नसतं.

पुढचे दिवस मी कधीच विसरणार नाही. तो कारण सांगायचा आणि मी त्या त्या भागाला चिठ्ठी जोडून लिहायचे. 'पाय पोहोचत नाही, म्हणून कमी.' 'बोट चिमटतं.' एक आकडा बदलला की सगळी बाग हलून नीट बसायची, आणि तो दर वेळी तितक्याच कौतुकाने बघायचा. आज्ञाधारकपणाबद्दलची तक्रार बंद झाली. "आठ वर्षं मी एकटा हे करत होतो," एकदा म्हणाला, "आणि हे पोरगं चुटकीसरशी करतंय." मत्सराचा लवलेश नव्हता आवाजात. दुसऱ्याचं चांगलं काम बघून इतकं निखळ खूश होणारा माणूस, खरंच सांगते, विरळाच.

बाकी तो काही बोलायचा नाही. चहा आणायचा, खिडकीतून पाऊस आत आला की माझी खुर्ची सरकवायचा, मी दमले की शेवटचं वाक्य मुद्दाम चुकीचं सांगायचा म्हणजे मी हसेन. पण बोलायचा नाही. मीही नाही. दोघंही भिडस्त, आणि भिडेचं नातं कुणाशी असतं ते नुकतंच ऐकलेलं.

शेवटचा शनिवार आला. सोमवारपासून मला दुसऱ्या गावी, दुसऱ्या एका कंपनीला सॉफ्टवेअर दाखवायला जायचं होतं. मी वायरी गुंडाळत होते.

"जाण्याआधी ते कठड्याचं एकदा बघता का?" तो म्हणाला.

मी बघितलं. बरोबर होतं. त्या आठवड्यात चौथ्यांदा बरोबर होतं. मी लॅपटॉप मिटला, आणि मनातलं आपोआप ओठांवर आलं.

"एक सांगू? काम मंगळवारीच संपलंय. बुधवारपासून मी उगाच येतेय."

त्याने कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"सोमवारी," तो म्हणाला.

"काय सोमवारी?"

"सोमवारी दुपारी संपलं. मंगळवारी तुम्ही जे तीन आकडे सुधारलेत ते आधीच सुधारलेले होते. मी जुन्या फाइलमधून काढून परत दिले तुम्हाला."

मला हसू फुटलं. आवरेचना. तो मात्र हसला नाही. खुर्ची सरकवून माझ्यासमोर बसला, हात गुडघ्यांवर ठेवून.

"आठ वर्षं मी वर एक आणि आत एक असं ठेवून काम केलं," तो म्हणाला. "त्याचं काय होतं ते चौकटीत बघितलं. पुन्हा तसं करायचं नाही असं ठरवलंय. म्हणून सरळ सांगतो. मला तुम्ही आवडता. तुम्ही यादी घेऊन आलात आणि दार लावून घेतलंत, तेव्हापासून. सोमवारपासून तुम्ही इथे नसाल. माझं काम नीटच होईल, पण मला ते आवडणार नाही."

बडबडी म्हणून घरीदारी प्रसिद्ध असलेली मी. त्या वेळी मात्र गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळत बसले. खालून वेल्डरकाकांच्या हातोडीचा आवाज येत होता, तेवढा आठवतो.

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हटलं. "फार आवडता. सोमवारी मला जायलाच हवं, नोकरी आहे. पण शनिवारी मी येईन. दर शनिवारी. काही निमित्त न काढता."

"निमित्त न काढता," तो म्हणाला, आणि डावा गाल हसला, मग उजवाही.

आम्ही उठलो. त्याने दिवा बंद केला आणि दार ओढून घेतलं. जिना उतरताना मला वाटलं होतं, तो माझी बॅग घेईल. त्याने बॅग घेतली नाही, हात घेतला. बॅग माझी मीच वाहिली, थेट घरापर्यंत, आणि ती जड असते हे त्या दिवशी लक्षातच आलं नाही.